मुलींच्या खात्यावर काय जमा?



भीमजयंतीच्या हिशेबाची वही गेली बरीच वर्षे आमच्याकडे आहे. आम्ही पेशाने कारकून, त्यात बी. कॉम., तेव्हा समितीने ही वही एकदा आमच्या हाती दिली ती पुन्हा परत घेतलीच नाही. वर्गणी किती जमली, मंडपाला किती गेले, भोजनदानाला तांदूळ किती लागला, हे सारे जयंतीनंतर विहारात सर्वांसमोर वाचून दाखवायचे, अशी आमच्या नवेगाव बांधच्या वस्तीची रीत आहे. जमेशी खर्च जुळला की लोक टाळ्या वाजवतात आणि आम्हीही समाधानाने घरी जातो.

यंदा तसे झाले नाही. क्रिकेटच्या सामन्यांचा खर्च, कबड्डीच्या मैदानाची आखणी, पंचांचा चहा-नाश्ता, जिंकलेल्या संघांच्या ढाली, सारे वाचून झाले. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून नववीत शिकणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "काकाजी, पोरींच्या खेळाचा खर्च तुमी वाचलाच नाही."

आम्ही वही पुन्हा चाळली. मुलींच्या नावावर तीन नोंदी निघाल्या. रांगोळीचे रंग, संगीत खुर्चीसाठी आणलेल्या खुर्च्यांचे भाडे आणि बक्षिसाचे स्टीलचे डबे. त्या आम्ही वाचल्या. पोरगी म्हणाली, "रांगोळी खेळ आहे का काकाजी? आमाले फुटबॉल पाहिजे."

बैठकीत हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणाले, "पोरीच्या जातीनं आता लाथा मारत फिराव का?" खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते हसू आम्हाला बोचू लागले. बेरीज चुकली नव्हती. चूक त्याआधीच झाली होती, आणि ती आमच्याच हस्ताक्षरात होती. म्हणून आजचा हा मजकूर.

नवी मुंबईत आलेल्या मुली

या मुलीच्या डोक्यात फुटबॉल आला कुठून? २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात १७ वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात भरला होता. सामने भुवनेश्वर, गोव्यातील मडगाव आणि आपल्या नवी मुंबईत झाले. नोकरीनिमित्त तिकडे राहणारा आमचा एक पुतण्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना पाहून आला आणि त्याने मोबाइलवर चित्रे पाठवली. वस्तीतल्या पोरांनी ती घोळका करून पाहिली. ही मुलगी तेव्हा पाचवी-सहावीत असेल. चित्रात नायजेरियाच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या. त्यांचा रंग काळा, अंगाने काटक, केसांच्या बारीक वेण्या. "ह्या तं आपल्यासारख्याच दिसतात," असे तेव्हा आमच्या अंगणात कोणी पोर म्हणाले होते, ते आम्हाला आता आठवते.

नायजेरिया हा आफ्रिका खंडाच्या पश्चिमेचा देश. लोकसंख्येने त्या खंडात सर्वांत मोठा. आपल्यासारखाच इंग्रजांच्या ताब्यात होता, १९६० साली स्वतंत्र झाला. गरिबी, बेकारी, धर्माधर्मांतले तंटे, काही म्हणून तिथे कमी नाही. अशा देशाच्या पोरींनी नवी मुंबईत काय केले ते पाहा.

११ ऑक्टोबरला भुवनेश्वर येथे आपल्या भारताच्या मुलींवर अमेरिकेने ८ गोल चढवले. आपल्याला एकही गोल करता आला नाही. पुढे मोरोक्कोने ३ आणि ब्राझीलने ५ गोलांनी आपल्याला हरवले. तीन सामन्यांत १६ गोल खाल्ले, एकही केला नाही आणि आपले आव्हान संपले. अमेरिकेच्या त्या विजयानंतर १० दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, नवी मुंबईत नायजेरियाच्या मुलींनी त्याच अमेरिकेला गाठले. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर त्यांनी अमेरिकेला घरी पाठवले. उपान्त्य सामन्यात मडगावला कोलंबियाकडून त्या पेनल्टीवरच हरल्या. पण रडत बसल्या नाहीत. ३० ऑक्टोबरला पुन्हा नवी मुंबईत जर्मनीशी ३-३ अशी बरोबरी करून पेनल्टीवर ३-२ ने जिंकल्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे पदक घेऊन गेल्या. साखळीच्या पहिल्या सामन्यात याच जर्मनीने त्यांना हरवले होते.

आता कोणी म्हणेल, आपल्या पोरींत दमच नाही. असे म्हणण्याआधी आपल्या त्या संघाची कर्णधार कोण होती ते ऐका. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील एका आदिवासी खेड्यातली अस्तम उरांव. मुलगी देशाची कर्णधार झाली म्हणून सरकारने तिच्या गावाकडे रस्ता बांधायला घेतला, आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचेच आई-बाप मजुरी करत होते. ही बातमी तेव्हा देशभर छापून आली. मजुराच्या घरातून, कच्च्या वाटेने निघालेली पोर विश्वचषकाच्या मैदानापर्यंत पोचली, यात दम नाही तर काय आहे? तिच्या पायांनी आपले काम केले होते. रस्ता उशिरा आला.

आपण पुढे होतो, हे किती जणांना ठाऊक?

आमच्या पिढीला वाटते की मुलींचा फुटबॉल हे अलीकडचे खूळ आहे. तसे नाही. आपल्या देशात महिला फुटबॉलचा महासंघ १९७५ साली स्थापन झाला. १९८० साली केरळातील कालिकत येथे आशियाई महिला स्पर्धा झाली, तीत भारताच्या मुली दुसऱ्या आल्या. १९८३ साली बँकॉकला पुन्हा दुसऱ्या आल्या. बंगालच्या शांती मलिक यांना त्याच साली अर्जुन पुरस्कार मिळाला. गोव्याच्या योलांडा डिसोझा याच पिढीतल्या. साध्या डब्यातून प्रवास करायचा आणि मिळेल त्या जागी मुक्काम करायचा, अशा दिवसांतला हा खेळ.

आता नायजेरियाची नोंद पाहा. त्यांच्या महिला संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला १९९१ च्या फेब्रुवारीत, घाना या देशाविरुद्ध. म्हणजे आपण आशियात दुसरे आलो त्यानंतर ११ वर्षांनी. मग ११ वर्षे मागून आलेला संघ पुढे गेला कसा?

उत्तर अवघड नाही. त्यांना सामने मिळत राहिले. १९९१ च्या शेवटी चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तिथे नायजेरिया होती. तेव्हापासून २०२३ पर्यंत झालेल्या नऊच्या नऊ विश्वचषकांत नायजेरिया खेळली. १९९९ साली उपान्त्यपूर्व फेरी गाठणारा आफ्रिकेतला तो पहिला महिला संघ. त्या सामन्यात ब्राझीलविरुद्ध ३ गोलांनी मागे पडूनही त्यांनी ३-३ अशी बरोबरी केली आणि जादा वेळेतल्या एका गोलाने हरल्या. २०२३ साली तर त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच ब्रिस्बेन शहरात ३-२ ने हरवले. आफ्रिकेची स्पर्धा त्यांनी इतक्यांदा जिंकली की २०२५ च्या जुलैत मोरोक्कोत मिळवलेले विजेतेपद त्यांचे दहावे म्हणून साजरे झाले. अंतिम सामन्यात यजमान मोरोक्को २-० ने पुढे होती, आणि सामना नायजेरियाने ३-२ ने जिंकला.

मोठ्या मुली खेळतात, त्या पाहून लहान मुली खेळतात, त्यांतून १७ वर्षांखालचा संघ तयार होतो, तो संघ पुढे मोठा होतो. ही विहिरीच्या रहाटासारखी गोष्ट आहे. फिरत राहिला तर पाणी, थांबला की कोरडे पोहरे.

आपल्याकडे रहाट थांबला. महासंघांच्या कारभारात मुलींचा संघ मागे पडत गेला. वर्षानुवर्षे परदेशाशी सामनेच ठरवले गेले नाहीत. शेवटी २००९ साली जागतिक संघटनेने भारताच्या महिला संघाचे नाव क्रमवारीतून काढून टाकले, कारण दीड वर्षाहून अधिक काळ या संघाने एकही सामना खेळला नव्हता. खेळायला मुली होत्या, पण त्यांच्यासाठी सामना लावणारे कोणी नव्हते. मग १९८३ आणि २०२२ यांच्यामधला खड्डा कोणी खणला, हे वाचकांनीच ठरवावे.

मागितल्याशिवाय मिळत नाही

आता असेही समजू नका की नायजेरियात मुलींना सारे ताटात वाढून मिळाले. २०१६ साली त्यांनी कॅमेरूनमध्ये जाऊन, यजमानांना १-० ने हरवून आफ्रिकेची स्पर्धा जिंकली. मायदेशी परतल्या, पण ठरलेले मानधन आणि बक्षिसाची रक्कम काही हाती पडेना. तेव्हा या विजेत्या मुलींनी राजधानी अबुजातील हॉटेलात ठाण मांडले. पैसे मिळेपर्यंत खोल्या सोडणार नाही, चषकही देणार नाही, असे त्यांनी सांगितले. मग फलक हातात घेऊन देशाच्या संसदेवर मोर्चा काढला. त्याच महिन्यात पैसे मिळाले. ज्यांनी नामांतराच्या लढ्यात मोर्चे पाहिले, काढले, लाठ्या खाल्ल्या, त्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

आणि २०२५ साली हाच संघ जिंकून आला तेव्हा त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी प्रत्येक खेळाडूला १ लाख डॉलरइतकी रक्कम आणि तीन बेडरूमचा फ्लॅट जाहीर केला. नऊ वर्षांपूर्वी हॉटेलात धरणे धरलेल्या मुलींनी पुढच्या मुलींसाठी वाट मोकळी केली, असे आम्ही म्हणू.

दक्षिण आफ्रिकेची हकीकत तर आपल्याला अधिक जवळची. तिथे वर्णभेदाचा कायदा होता. काळ्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी, मैदान वेगळे. आपल्या गावकुसाबाहेरच्या जिण्याचीच ती बहीण. १९९० साली नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले, १९९४ साली सर्वांना मताचा हक्क मिळून निवडणूक झाली, आणि या दोहोंच्या मध्ये, १९९३ च्या मे महिन्यात, त्या देशाच्या महिला संघाने आपला पहिला अधिकृत सामना खेळला. शेजारच्या स्वाझीलँडला १४-० ने हरवले. त्या संघाला लोक प्रेमाने 'बान्याना बान्याना' म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेत 'पोरी पोरी'. पहिल्या सामन्यात खेळलेल्या डेझिरी एलिस पुढे याच संघाच्या प्रशिक्षक झाल्या आणि २०२२ साली त्यांच्या हाताखाली संघाने आफ्रिकेची स्पर्धा जिंकली. २०२३ च्या विश्वचषकाला निघताना याही मुलींना मानधनासाठी आणि धड मैदानासाठी भांडावे लागले. निरोपाचा सराव सामना त्यांनी खेळायला नकार दिला. काही लोकांनी त्यांना देशद्रोही ठरवले. पैशाचा प्रश्न सुटला, त्या विश्वचषकाला गेल्या आणि इटलीला ३-२ ने हरवून शेवटच्या १६ संघांत पोचल्या.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण भिंतींवर लिहितो. या मुलींनी ते मैदानावर करून दाखवले. आपल्या परंपरेतही याचा दाखला आहे. महाप्रजापती गौतमीने संघात प्रवेश मागितला तेव्हा तिला आधी नकार मिळाला. ती घरी बसली नाही. शाक्य स्त्रियांना बरोबर घेऊन कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी गेली. सुजलेल्या पायांनी, धुळीने माखून दाराशी उभी राहिली. मग दार उघडले. आपल्या लेकींनी पायांचा उपयोग करायचा की नाही, हा प्रश्न आपल्यासाठी अडीच हजार वर्षांपूर्वीच सुटलेला आहे.

आपल्या शेजारचा चेंडू

वाचक म्हणतील, नायजेरिया दूर, दक्षिण आफ्रिका दूर. आमच्या झाडीपट्टीत काय? चला, जवळ येऊ.

आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक होते. पावसात झोपडपट्टीतली पोरे फुटकी बादली पायाने उडवत खेळताना त्यांनी पाहिली. त्यांतून २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांचे फुटबॉल सामने सुरू झाले. तीच पुढे 'स्लम सॉकर' ही संस्था झाली. २०१६ साली जागतिक फुटबॉल संघटनेने या नागपूरच्या कामाला पुरस्कार दिला. बेघरांच्या विश्वचषकाला भारताचा मुलांचा आणि मुलींचाही संघ या संस्थेमार्फत गेलेला आहे. नागराज मंजुळे यांनी २०२२ साली याच कामावरून 'झुंड' चित्रपट काढला, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. त्यात बाबासाहेबांची जयंती पाहून आपण टाळ्या वाजवल्या. पण रिंकू राजगुरूने रंगवलेली आदिवासी मुलगी आठवते का? परदेशी खेळायला जायचे म्हणून ती आणि तिचा बाप ओळखीच्या कागदासाठी दारोदार हेलपाटे घालतात. आम्ही कारकून असल्याने ते दृश्य आमच्या फारच जिव्हारी लागले. एका कागदापायी मुलीचा खेळ अडतो, आणि तो कागद आमच्यासारख्याच कोणाच्या तरी टेबलावर पडलेला असतो.

गोंदियाहून गाडीत बसले की राजनांदगाव, दुर्ग लागते. तिथून पुढे छत्तीसगडचा बालोद जिल्हा. आपल्यासारखाच धानाचा मुलूख. तिथली किरण पिस्दा भारताच्या संघात खेळली आणि युरोपातल्या क्रोएशिया देशाच्या क्लबलाही खेळून आली. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळच्या बेकनाळ गावची अंजना तुरंबेकर खेळाडू झाली आणि पुढे प्रशिक्षकाचा वरचा परवाना घेऊन मुलींना शिकवू लागली. ही शहरातली श्रीमंत घरे नव्हेत.

देशाचा संघही आता उठून बसला आहे. महिलांची राष्ट्रीय लीग २०१७ साली सुरू झाली. तिचे पहिले अंतिम फेरीचे सामने दिल्लीत बाबासाहेबांच्या नावाच्या स्टेडियमवर झाले, आणि त्यांत पुण्याचाही संघ होता. २०२२ च्या जानेवारीत आशियाई महिला चषक आपल्या महाराष्ट्रात मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाला. पण करोनाने आपला संघ इतका गाठला की इराणशी बरोबरी केल्यावर दुसऱ्या सामन्याला उभे करायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि स्पर्धा सोडावी लागली. घरच्या मांडवातून उपाशी उठावे तशी ती गोष्ट. मात्र ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमध्ये जाऊन आपल्या मुलींनी थायलंडलाच २-१ ने हरवले आणि २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी जिंकून तिथे जाण्याची ही भारताची पहिलीच वेळ. दोन्ही गोल बंगालच्या कल्याणीच्या संगीता बासफोर हिने केले. त्या रात्री आपल्या किती घरांत ही बातमी बोलली गेली? क्रिकेटचा एखादा झेल सुटला तरी आपण आठ दिवस हळहळतो.

पहिला सामना घरातच

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याला शहाणपण शिकवताना आपले झाकून ठेवणे बरे नव्हे. आमची थोरली मुलगी शाळेत असताना खो-खो चांगली खेळायची. तालुक्याच्या संघात तिची निवड झाली. आम्ही तिला जाऊ दिले नाही. पुढच्या वर्षी दहावी आहे, अभ्यास बुडेल, असे सांगितले. खरे कारण वेगळे होते. मुक्कामाला पाठवायचे, खेळाचे कपडे घालायचे, लोक काय म्हणतील, हे ते कारण. पोर काही बोलली नाही. बूट पुसून फळीवर ठेवून दिले. ती आता नर्सिंग शिकते, आमच्यावर तिचा राग नाही. पण जयंतीच्या बैठकीनंतर आम्ही तिला फोनवर ही हकीकत सांगितली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बाबा, त्या पोरीले तरी खेळू द्या."

वस्तीतल्या आयांशी आम्ही बोललो. एक बाई म्हणाल्या, "भाऊ, आमी रोवन्याले जातो. पोरगी सांजच्याला खेळाले गेली तं भात कोन शिजवल? लहान्याले कोन पाहील?" हा प्रश्न खोटा नाही. पण त्याच घरात दोन मोठे मुलगे आहेत आणि ते रोज संध्याकाळी क्रिकेट खेळतात. एक दिवस मुलाने भात लावला तर त्याचे हात झिजतील का? आईबापांनी एवढी पाळी लावून दिली तरी मुलीला तास-दीड तास मोकळा मिळतो. आमच्या मते मुलीचा पहिला सामना इथेच असतो, आणि पंच आपणच असतो.

दुसरी म्हणाली, पाय मोडला तर लग्न कोण करील? रोवणीत वाकून कंबर मोडते, तेंदूपानाला उन्हात पोळून निघतात, डोक्यावर मोळी आणतात, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्या अंगाने पैसा येतो ते अंग चालते, ज्या अंगाने आनंद मिळतो ते चालत नाही, हा कुठला न्याय? नायजेरियाची असिसात ओशोआला घरच्यांचा विरोध सोसून खेळली. ती सहा वेळा आफ्रिकेची सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. पुढे तेच घर तिच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

तिसरी अडचण आपल्या भागाची खरीच आहे. आमच्याभोवती जंगल आहे, नवेगाव-नागझिऱ्याच्या वाघाची भीती आहे, टोलीवरच्या मुलींना अंधारात एकटे परतता येत नाही. त्याला उपाय म्हणजे खेळाची वेळ सकाळची ठेवावी, जाताना-येताना मुलींनी घोळक्याने चालावे, आणि एक तरी मोठी बाई मैदानावर बसावी. मैदानाशेजारी मुलींना कपडे बदलायला आडोसा आणि प्यायला पाणी हवे. पाळीच्या दिवसांत खेळायचे की नाही हे मुलीने ठरवावे, त्यावर चावडी भरवू नये. खेळून आल्यावर मूठभर भिजवलेले हरभरे, गूळ, जमेल तेव्हा अंडे, एवढे दिले तरी पुष्कळ. दूध-बदाम आमच्याही घरी नाहीत.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. शाळांच्या सुब्रोतो मुखर्जी चषक स्पर्धेत १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे. शाळेने नाव पाठवले तर संघ खालच्या पातळीपासून वर जाऊ शकतो. पालकांनी मुख्याध्यापकांना जाऊन भेटावे, नम्रपणे पण लेखी मागणी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. खेळातल्या कामगिरीला दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण आहेत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि खेळ खात्याकडून त्याची पडताळणी वेळेवर करून घ्यावी. कागद नाही म्हणून हक्क गेला, असे आपल्या मुलींच्या बाबतीत होता कामा नये. सारेच खेळाडू होणार नाहीत, सगळ्यांना नोकरी लागणार नाही, हेही खरे. पण ज्या मुलीने मैदानात हाक मारायला, चेंडू मागायला, पडून उठायला शिकून घेतले, ती सासरी, कचेरीत, दवाखान्यात आपले म्हणणे मांडायला कचरणार नाही.

वहीत नवे पान

जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती. आपल्या भागांतून हजारो बाया तिथे गेल्या होत्या. समाजाची प्रगती आपण त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. म्हणजे बाबासाहेबांनी मोजपट्टी आपल्या हातात केव्हाच दिलेली आहे. आम्ही मात्र इतकी वर्षे मांडवाचे बांबू आणि पत्रावळी मोजत राहिलो.

आमच्या समितीची बैठक पुन्हा घेतली. आम्ही ठराव मांडला की जयंतीच्या क्रीडाखर्चात मुलींचा आणि मुलांचा वाटा सारखा राहील. मुलांनी कुरकुर केली. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, पैसा आधीच तोकडा, त्यात वाटणी कशाला? आम्ही म्हणालो, दादा, तोकडा असतो तेव्हाच वाटणी न्यायाची लागते. चर्चा लांबली, आवाज चढले. शेवटी बायकांनी एकमुखाने हात वर केले आणि ठराव पास झाला. समितीवर दोन बाया घेतल्या गेल्या. मैदानाच्या वेळा ठरल्या. शनिवार-रविवार सकाळचे दोन तास मुलींचे, तेव्हा क्रिकेटच्या यष्ट्या तिथे रोवायच्या नाहीत. रोवणी-कापणीच्या दिवसांत खेळ बंद राहील, म्हणजे मजुरीवर गदा नको. चेंडू विकत आणला. गोलखांब बांबूचे केले, बांबूची आपल्याकडे काय वाण?

पहिल्या रविवारी ११ मुली आल्या. पुढच्या रविवारी सहाच आल्या. बाकीच्या घरी काय झाले असेल ते वाचक समजू शकतात. आम्ही आणि समितीवरच्या दोघी बाया त्या पाच घरी जाऊन आलो. दोन घरांनी हो म्हटले, एक घर विचार करते आहे, दोन घरांनी चहा दिला आणि विषय बदलला. त्या दोन घरी आम्ही पुन्हा जाणार आहोत. ज्या मुलीने बैठकीत प्रश्न विचारला ती मात्र दोन्ही रविवारी सर्वांआधी येऊन, खांबाला टेकून उभी होती.

जयंतीच्या वहीत आम्ही आता 'मुलींचे खेळ' या नावाचे वेगळे पान काढले आहे. त्यावरची पहिली नोंद एका चेंडूची आहे. पुढच्या जयंतीला ते पान आम्ही सर्वांत आधी वाचून दाखवू आणि मुली किती उरल्या, तेही वाचू. आकडा कमी निघाला तर तो आमचा दोष म्हणून वाचू.

वाचकहो, तुमच्याही वस्तीत अशी एखादी वही असेलच. या रविवारी ती काढा, आणि घरच्या लेकीला जवळ बसवून तिच्याकडूनच वाचून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!